तोंड नसलेलं अस्वल

११ जानेवारी, सकाळी ७.४०

निवृत्तीला आज बरोबर तीन महिने झाले. आजपासून रोजनिशी. नियम तीन : रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, खरं लिहायचं. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे खोटं लिहिण्याचं कारणही नाही.

माळ्यावरून मायक्रोस्कोपची पेटी खाली काढली. मायक्रोस्कोप कन्येचा. कॉलेजात असताना तिच्या मामाने दिलेला, ती गेली तेव्हा इथेच राहिला. काढण्यामागे उद्देश एवढाच, की चार वर्षांत कुणी पुसला नव्हता. ही म्हणाली, पुसायचाच असेल तर फडकं घ्या, त्याचं माहितीपत्रक कशाला वाचताय.

पंपांच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. केसाच्या दहाव्या हिश्शाइतकी चूक या डोळ्यांनी पकडलेली आहे. हे खेळणं हाताळायला मला माहितीपत्रकाची गरज नाही. पेटीत होतं म्हणून वाचलं.

१२ जानेवारी

सकाळी : काहीच दिसलं नाही. नुसता अंधार. भिंगं गेलेली दिसतात.

दुपारी : भिंगं ठीक आहेत. खालचा आरसा भिंतीकडे तोंड करून होता.

संध्याकाळी : पहिला सजीव. लांब, काळा, वाकडा, एका टोकाला निमुळता. मी डोळा मिचकावला की हलायचा. प्रकाशाला प्रतिसाद देतो असं लिहून ठेवलं. जेवणानंतर पुन्हा तपासलं. माझ्या पापणीचा केस होता.

१४ जानेवारी

संशोधनाचा विषय ठरला. टार्डिग्रेड. मराठीत कुणी जलअस्वल म्हणतात. लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आत, पाय आठ, चाल अस्वलासारखी. भिंतीवरच्या मॉसमध्ये राहतो. मॉस वाळलं की हाही वाळून गोळी होतो, वर्षभर तसाच पडून राहतो, पाणी मिळालं की उठून चालू लागतो. अशी चिकाटी मला आवडते.

कन्या याच प्राण्यावर पीएच.डी. करते आहे, हा निव्वळ योगायोग.

खरं लिहायचं ठरलं आहे तर तेही लिहून टाकतो. चार वर्षांपूर्वी तिने चांगली नोकरी सोडली आणि हे शिकायला जाते म्हणाली. मी जेवता जेवता एवढंच म्हणालो, की एवढं शिकवलं ते भिंतीवरचे किडे मोजायला का. ती ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. भांडण नाही, फक्त बोलणं नाही. तिचा फोन दर रविवारी सकाळी दहाला हिच्या मोबाइलवर येतो. मी त्या वेळी बाहेरच्या खोलीत पेपर वाचतो. पेपर वाचायला शांतता लागते म्हणून पंखा बंद करतो.

आता वाचल्यावर कळतं की किड्याला सहा पाय असतात, याला आठ. पण त्या दिवशी मुद्दा पायांचा नव्हता.

१५ जानेवारी

सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवरून मॉस खरवडून आणलं. सेक्रेटरी गच्चीतून बघत होते. काय करताय विचारलं. नमुने गोळा करतोय म्हणालो. शेवाळं काढायला माणूस लावलाय, तुम्ही कशाला त्रास घेता, म्हणाले. शेवाळं नव्हे, मॉस. फरक समजावून सांगायला वीस मिनिटं गेली. पहिल्या पाच मिनिटांनंतरच ते आत गेले होते.

मॉस वाटीत भिजत घातलं. चहाची गाळणी वापरली. हिला सांगितलेलं नाही.

१६ जानेवारी

वाटीत एकूण एक्केचाळीस अंडी. एकदम गोल, कडा काळी, आतून चकचकीत. पहिल्याच प्रयत्नात एक्केचाळीस. वहीत आकृत्या काढल्या.

दुपारी अंडी फुटली. आत काही नव्हतं. हवेचे बुडबुडे.

गाळणीचं हिला कळलं. चहात माती लागली त्यावरून.

१९ जानेवारी, सकाळी ११.१५

दिसला.

खरं लिहायचं म्हणून लिहितो, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मातीच्या कणांमधून एक गुबगुबीत, पारदर्शक प्राणी वाट काढत होता. आठ आखूड पाय, प्रत्येकाला नखं, पुढे दोन काळे ठिपके म्हणजे डोळे. पोटात हिरवं काहीतरी, बहुधा न्याहारी. एका कणाला धरून त्याने चढायचा प्रयत्न केला, घसरला, परत चढला. पाऊण तास बघत बसलो. दूध उतू गेलं ते माझ्याकडे होतं म्हणे.

हिला हाक मारली. ती रागात होती तरी आली. डोळा लावून बराच वेळ बघितलं. म्हणाली, हा तर अगदी तुमच्यासारखा चालतोय, कुठे जायचंय ते ठाऊक नाही पण घाई केवढी. मग म्हणाली, पोर रोज हेच बघत असेल नाही.

मी म्हणालो, असेल.

२१ जानेवारी, रविवार

दहाला फोन आला. मी पेपर वाचत होतो. वाचता वाचता सहज मोठ्याने म्हणालो, आज सकाळपासून चार टार्डिग्रेड दिसले, त्यातला एक फारच तल्लख वाटतो. आतून हिचा आवाज आला, नाही गं, मला नाही, पेपरला सांगतायत.

२४ जानेवारी

नुसतं बघून भागणार नाही. प्रजाती ओळखायची. इंटरनेटवरून तक्ता उतरवून घेतला. ओळखण्याच्या खुणा : नखांचा आकार, तोंडाची नळी, नळीशेजारच्या दोन सुया आणि घशातल्या बारीक कांड्या. या सुयांनी तो मॉसच्या पेशीला भोक पाडतो आणि नळीने रस ओढतो. म्हणजे मुळात पंपच. यात माझा हात धरणारा कोण आहे.

तपासणी पत्रक तयार केलं. प्रत्येक प्राण्याला क्रमांक. रकाने : नखं, नळी, सुया, कांड्या, शेरा. महिनाअखेर शंभर नमुने.

२७ जानेवारी

नमुने अकरा. तक्त्याप्रमाणे एकच प्राणी तीन वेगवेगळ्या प्रजातींचा ठरतो. तक्ता सदोष आहे.

मोठं भिंग खाली घेताना स्लाईड फुटली. ही तिसरी. हल्ली काचा फार पातळ काढतात.

३० जानेवारी

क्रमांक १७. सकाळी ९.५०.

याला तोंड नाही.

पुन्हा लिहितो. नळी नाही, सुया नाहीत, कांड्या नाहीत. पाय आठ, नखं व्यवस्थित, डोळे जागेवर, आणि पुढे जिथे तोंड असायला हवं तिथे काही नाही. भिंग पुसलं. चष्मा पुसला. आधीचे नमुने परत तपासले, सगळ्यांना तोंड आहे. यालाच नाही.

कारखान्यात असा पंप समोर आला असता तर मी रिजेक्टचा शिक्का मारला असता. पण निसर्गाच्या कारखान्यात रिजेक्ट नसतं. तिथे त्याला नवीन प्रजाती म्हणतात.

चहा मागितला. ही म्हणाली, गाळणी कुठे आहे ते तुम्हीच सांगा.

३१ जानेवारी

१७ला स्वतंत्र जागा दिली. गोळ्यांच्या बाटलीचं झाकण, गाळलेलं पाणी, मॉसचं एक पान. वर काच. आत दुसरं कुणीही नाही, तीनदा तपासलं. बिचारा सुस्त आहे. अर्थात, तोंड नसताना कोण उड्या मारील.

जगात तोंड नसलेला टार्डिग्रेड कुणी पाहिला आहे का, हे शोधायला बसलो. इंग्रजीतले लेख लांब असतात. पहिल्या लेखाची पहिली दोन पानं वाचली. त्यात उल्लेख नव्हता. म्हणजे नाहीच.

२ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. तोंडातले तज्ज्ञ म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, फोकसची चक्री दोन्हीकडे फिरवली. म्हणाले, कवळीची केस नाही, कवळी बसवायला निदान जबडा लागतो. मग गंभीर होऊन विचारलं, हा खातो कसा. मी म्हणालो, खात नाही, कातडीतून अन्न शोषतो. हा सिद्धान्त मला बोलता बोलताच सुचला. डॉक्टर म्हणाले, मग आमच्या धंद्याचं काही खरं नाही.

ही म्हणाली, एवढं अडलंय तर लेकीला विचारा की. फोटो काढून पाठवा, ती एका मिनिटात सांगेल. मी म्हणालो, संशोधनात नातीगोती आणायची नसतात. ही काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला ऐकू येतं.

नव्या प्रजातीच्या नावासाठी आडनावाला लॅटिन शेपूट लावून पाहिलं. चांगलं दिसतं.

५ फेब्रुवारी, सकाळी ८.००

घात झाला.

झाकणात १७ नाही. त्याच्या जागी भलताच एक टार्डिग्रेड फिरतो आहे, धडधडीत तोंडवाला. नळी, सुया, कांड्या, सगळं कोरं करकरीत. आणि शेजारी १७चं रिकामं कातडं. पायांच्या नखांसकट. आतून पूर्ण पोखरून खाल्लेला.

बंद झाकणात मारेकरी शिरला कसा. काल संध्याकाळी ही टेबल पुसत होती. झाकणातलं पाणी कमी दिसलं म्हणून तिने पेल्यातले दोन थेंब घातले, हे तिने स्वतःच कबूल केलं. त्या दोन थेंबांतून आला. मी फार बोललो नाही. एवढंच म्हणालो, की विज्ञानाचं जे नुकसान झालं ते कशानेही भरून येणार नाही. ही म्हणाली, पाणी उकळलेलं होतं.

मारेकऱ्याला बाल्कनीतल्या कुंडीत सोडून दिलं. माझ्या घरात त्याला जागा नाही. कातडं पुरावा म्हणून ग्लिसरीनमध्ये ठेवलं.

खरं लिहायचं तर वाईट वाटलं. सहा दिवसांची ओळख, पण सकाळी उठल्यावर पहिलं त्यालाच बघायचो.

८ फेब्रुवारी

दुःख बाजूला ठेवून कामाला लागलो. एक होता तर दुसरा असणार. आज नमुने चार, सगळे तोंडाळ.

भिंत रंगवायला रंगारी आला. पत्र्याची पट्टी घेऊन मॉस खरवडायला सुरुवात. मी आडवा उभा राहिलो. सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला, की भिंतीचा पूर्वेकडचा भाग जागतिक महत्त्वाचा असल्याने राखीव ठेवावा. त्यांनी अर्जाच्या मागच्या बाजूला रंगाचे तीन नमुने लावून मला विचारलं, यातला कुठला बरा वाटतो. मधला म्हणालो.

रंगारी भला माणूस. निघालेलं सगळं मॉस त्याने मला पोत्यात भरून दिलं. घरातली सात भांडी भरली. ही आता कुकरच्या झाकणात भाजी चिरते.

१४ फेब्रुवारी, दुपारी ३.२०

क्रमांक २३. तोंड नाही.

या वेळी चूक नाही. लगेच ग्लिसरीन, लगेच वरची काच, लगेच सील. सील करायला नेलपॉलिश लागतं असं वाचलं होतं. ही लावत नाही. डॉक्टरांच्या मिसेसकडून आणलं, डाळिंबी रंगाचं. त्यांनी कशाला हवंय विचारलं. मी म्हणालो, हिच्यासाठी. सगळं समजावत बसायला वेळ नव्हता.

१६ फेब्रुवारी

अहवाल लिहून काढला. चौदा पानं. भाग एक : तोंड नसलेल्या नवीन प्रजातीचा शोध. भाग दोन : तिचा नैसर्गिक शत्रू, जो फक्त कातडं मागे ठेवतो. म्हणजे एका पेटीत दोन शोध. नावाच्या बाबतीत हिचं मत विचारलं. आडनाव घ्यावं की पूर्ण नाव. ही म्हणाली, बाजारात तुरी.

म्हण पुरी करण्याचीही तिला गरज वाटली नाही.

१७ फेब्रुवारी

पार्सल रवाना. स्लाईड, कातडं, अहवाल. पाठवलं ते या विषयातल्या सर्वात अधिकारी बाईंना. कन्या त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करते, त्याला माझा इलाज नाही. अधिकारी व्यक्ती जिथे असेल तिथेच पाठवणार ना. पत्रात शेवटी एक ओळ घातली : शक्य झाल्यास सदर शोध आपल्या हाताखालील संशोधकांनाही दाखवावा, त्यांना मार्गदर्शक ठरेल.

ही ओळ तीन वेळा खोडून परत लिहिली. स्वच्छ प्रतीत आहे.

२० फेब्रुवारी

उत्तराची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. सोसायटीच्या फलकावर सूचना लावली. १० मार्च, सायंकाळी ५, तळमजल्याचा हॉल. विषय : आपल्या भिंतीवरील जागतिक शोध. सकाळी फिरायला येणाऱ्यांना तोंडी निमंत्रणं दिली. डॉक्टरांनी विचारलं, तुमची मुलगी यातलीच ना, ती येणार का. मी म्हणालो, ती कामात असते. पण तारीख मी मुद्दाम रविवारची घेतली आहे, सर्वांच्या सोयीसाठी.

ही म्हणाली, उत्तर येऊ द्या, मग फलक लावा. आधी कळस मग पाया असं असतं का. मी म्हणालो, तीस वर्षांत माझा एक शेरा कुणी खोटा पाडला असेल तर दाखव. ती म्हणाली, पंपांचा नाही पाडला.

२५ फेब्रुवारी, रविवार

फोन चाळीस मिनिटं चालला. एवढा कधी चालत नाही. मी दोन पेपर वाचले, जाहिरातींसकट. आतून हिचं हसणं ऐकू येत होतं. नंतर विचारलं, काही विशेष. विशेष नाही म्हणाली. कन्येने एवढंच विचारलं, की आई, तू डाळिंबी नेलपॉलिश कधीपासून लावायला लागलीस.

तरुण मुली. असले प्रश्न सुचतात त्यांना. मला वाटलं होतं संशोधनात पडल्यावर माणूस गंभीर होतो.

२८ फेब्रुवारी

व्याख्यानाची तालीम केली. ही प्रेक्षक. पाऊण तास झाला. प्रस्तावनेत घरच्यांचे आभार मानताना एक वाक्य आहे : प्रत्येक बापाला आपल्या मुलांकडून शिकण्यासारखं असतं. ते वाक्य दोनदा म्हटलं. पाणी प्यायलो. वाक्य काढून टाकावं का याचा विचार करतोय. ही म्हणाली, बाकीचं सगळं काढा, तेवढं ठेवा.

२ मार्च, शनिवार, दुपारी १२.३०

उत्तर आलं.

प्रयोगशाळेचं छापील पाकीट. आत एकच कागद, हाताने लिहिलेला. अक्षर ओळखलं, सहीपर्यंत जावं लागलं नाही. ट लिहिताना ती लहानपणापासून घाई करते.

सुरुवात : महोदय.

मग मुद्दे. नमुना क्रमांक २३ ही नवीन प्रजाती नाही. टार्डिग्रेड वाढताना कात टाकतो. कात टाकण्याआधी तो तोंडाची नळी, सुया, घशातल्या कांड्या, सगळं उपसून बाहेर फेकतो. नवीन तयार व्हायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस त्याला तोंड नसतं. हे प्रत्येक टार्डिग्रेडचं होतं, दर वेळी कात टाकताना होतं. सोबत पाठवलेलं कातडं पूर्ण आणि निरोगी आहे. त्याचा खून झालेला नाही. ते क्रमांक १७ने स्वतः टाकलेलं आहे. अहवालाच्या दुसऱ्या भागात आपण ज्याला मारेकरी म्हणता, तोच क्रमांक १७ आहे.

हे वाक्य उभ्याने वाचत होतो. बसलो.

पुढे असं, की भिंतीवरच्या मॉसमध्ये सर्रास सापडणाऱ्या गटातला हा प्राणी दिसतो. नेमकी प्रजाती सांगायला अंडी लागतात. अंडी गोल आणि काटेरी असतात, मॉसमध्येच सुटी मिळतात, ती का पाठवली नाहीत. आता मला कळलं की महिनाभर गोल काटेरी परागकण समजून मी जे सुईने बाजूला सारत होतो ते काय होतं. रोज दहाबारा तरी सारले असतील. भांडी धुताना मोरीत गेले.

शेवटी सही. प्रयोगशाळेकरिता, आणि खाली तिचं नाव.

ही म्हणाली, काय लिहिलंय. मी कागद दिला. तिने वाचला, घडी घातली, परत दिला. म्हणाली, मला हे गेल्या रविवारीच माहीत होतं, पण ती म्हणाली तुम्हाला लेखीच लागेल.

संध्याकाळी ५.००

आक्षेप लिहायला घेतला. परीक्षक वयाने लहान, कामाचा अनुभव मर्यादित, निष्कर्षाची फेरतपासणी व्हावी. अर्धं पान झालं. मग जानेवारीतल्या त्या इंग्रजी लेखाचं तिसरं पान उघडून पाहिलं. सगळं तिथे होतं. आकृतीसकट. मी दोन पानांवर थांबलो होतो.

बाल्कनीत जाऊन कुंडीजवळ उभा राहिलो. सहा दिवस ज्याची काळजी वाहिली, तो नवं तोंड घेऊन समोर आला, तर त्याला ओळखलं नाही आणि घराबाहेर काढलं. कुंडीत हात घालून उपयोग नाही. अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही तो.

खरं लिहायचं. शोध गेला त्याचं वाईट वाटलं. त्याहून जास्त त्या महोदयचं वाटलं.

फलकावर जाऊन व्याख्यानावर पट्टी चिकटवली : तांत्रिक कारणास्तव रद्द. सेक्रेटरी खाली उभे होते. म्हणाले, अरेरे, आम्ही दोघंही येणार होतो. दोन जण म्हणजे गर्दीच.

३ मार्च, रविवार

९.३० : आज पेपर आलेला आहे. वाचणार नाही.

९.४५ : हिला सांगितलं, आज फोन आला की मला दोन मिनिटं हवाय. विषय तांत्रिक आहे. ही म्हणाली, बरं. साडी नेसताना चेहरा आरशाकडे होता, त्यामुळे हसली की नाही ते दिसलं नाही. बोलण्याचे मुद्दे कागदावर काढले. सहा निघाले.

१०.०० : फोन वाजला. हिने उचलला नाही. माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि आत गेली.

१०.४० : आता लिहितो, जसं आठवतं तसं.

मी म्हणालो, हॅलो. मग ती म्हणाली, बाबा. मी म्हणालो, पत्र पोचलं. ती म्हणाली, हं. मी म्हणालो, स्लाईड कशी वाटली. म्हणाली, सील छान केलंय, हवा कुठे राहिली नाही, आमच्या इथल्या मुलांना इतकं नीट जमत नाही. कागदावरच्या सहा मुद्द्यांत हे नव्हतं. पुढचा मुद्दा मला सापडेना.

मी विचारलं, ते महोदय बाईंनी लिहायला सांगितलं होतं का. म्हणाली, नाही. चौदा पानांच्या अहवालासोबतच्या पत्रात तुम्ही मला हाताखालील संशोधक म्हणालात, तर मग मी काय लिहायला हवं होतं. तिचं बरोबर होतं. बाईंनी म्हणे पार्सल उघडलंच नव्हतं. पाठवणाऱ्याचं आडनाव आणि गाव बघून तिच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, हे बहुधा तुझं आहे.

मग ती म्हणाली, बाबा, वाईट वाटून घेऊ नका, पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. तोंड नसलेला दिसला आणि नवीन प्रजाती म्हणून अख्ख्या लॅबला ओरडून सांगितलं. मी म्हणालो, मग. म्हणाली, मग काय, आठवडाभर सगळे हसत होते. नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं मी. कुणाचं, विचारलं. म्हणाली, तुमचं.

मला बरं वाटलं. तोंड नसलेल्या प्राण्याला माझं नाव का, हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं. ती म्हणाली, तेव्हा सहा महिने झाले होते बाबा. मी दर रविवारी आईशी बोलताना तुमचा पंखा बंद झालेला ऐकायचे. वाटायचं, आता येतील फोनवर. आज येतील. तुम्ही काही बोलतच नव्हता.

माझ्या हातातला कागद मी कधी चुरगळला ते कळलं नाही.

मी म्हणालो, चुकलं माझं. ती म्हणाली, अहो, सगळ्यांचं चुकतं, त्या दिवसांत भल्याभल्यांना ओळखता येत नाही. मी म्हणालो, स्लाईडचं नाही म्हणत मी.

ती म्हणाली, माहीत आहे.

त्यानंतर दोघंही गप्प. किती वेळ ते बघितलं नाही. ती तिथे आहे हे श्वासावरून कळत होतं. मी फोन कानाला तसाच धरून बसलो होतो. स्वयंपाकघरातून हिने विचारलं, झालं का तुमचं, ठेवला का फोन.

मी म्हणालो, नाही, बोलतोय.